तुमच्या फाइलमधले शब्द काय सांगतात आणि काय सांगत नाहीत

प्रश्न सांगलीजवळच्या एका ताईंचा आहे. वय ३१, लग्नाला साडेचार वर्षं, दोन वर्षांपूर्वी आठव्या आठवड्यात गर्भ पडला, त्यानंतर दिवस राहिलेले नाहीत. त्यांच्या फाइलमधले शब्द त्यांनी जसेच्या तसे उतरवून पाठवले आहेत: सेकंडरी इन्फर्टिलिटी, पी० एल० ए१, एएमएच १.४, रिट्रोव्हर्टेड युटेरस, एचएसजीमध्ये डावीकडे कॉर्न्युअल ब्लॉक, आणि यजमानांच्या रिपोर्टवर ऑलिगो-अस्थेनो-टेराटोझूस्पर्मिया. डॉक्टरांनी आधी आययूआय (शुक्राणू नळीने थेट गर्भपिशवीत सोडणं) आणि न जमल्यास आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबी) सुचवलं आहे. त्या लिहितात, ‘डॉक्टर चांगले आहेत, पण बाहेर चाळीस जण बसलेले असतात. घरी आल्यावर जाऊबाई मोबाईलवर बघून अर्थ सांगतात आणि मग रात्रभर झोप येत नाही. जुन्या कागदावर मिस्ड अबॉर्शन लिहिलेलं वाचून सासूबाईंनी विचारलं, तू पाडलंस का? सगळं एकदा मराठीत सांगाल का?’

ताई, मी मूल होण्याच्या उपचारांची डॉक्टर, बावीस वर्षं हेच काम करते. त्यात एक गोष्ट रोज दिसते. रिपोर्टमधला प्रत्येक शब्द काहीतरी सांगतो, आणि बरंच काही सांगत नाही. लोकांची झोप उडते ती बहुतेक वेळा त्याने न सांगितलेल्या गोष्टींमुळे. म्हणून तुमची फाइल मी तशीच वाचणार आहे. सुरुवात मात्र त्या शब्दाने, ज्याने तुमच्या घरात अश्रू आले.

‘अबॉर्शन’ हा शब्द आपल्याकडे ‘पाडणे’ या एकाच अर्थाने माहीत आहे. डॉक्टरी भाषेत गर्भ वीस-बावीस आठवड्यांच्या आत कोणत्याही कारणाने संपला की त्याला अबॉर्शन म्हणण्याची जुनी पद्धत आहे. आपोआप पडला तर स्पॉन्टेनियस अबॉर्शन. ठोके थांबले, पण अंगावरून गेलं नाही, सोनोग्राफीतच कळलं, तर मिस्ड अबॉर्शन. तुमच्या बाबतीत हेच झालं. मुद्दाम केलेल्या गर्भपाताला एमटीपी म्हणतात, त्याचे कायद्याने ठरलेले वेगळे फॉर्म असतात, ते तुमच्या फाइलमध्ये नाहीत. मग ‘क्युरेटिंग’ कशाला केलं, असं सासूबाई विचारतील, तर आत राहिलेला भाग काढून पिशवी साफ करण्यासाठी. गर्भ त्याच्या आधीच गेलेला होता. हा परिच्छेद त्यांना वाचून दाखवा. माझ्याकडे येणाऱ्या सासवांना मी हे स्वतः समोर बसवून सांगते, आणि बहुतेकींचा आवाज लगेच खाली येतो. त्यांनाही कुणी समजावलेलं नसतं.

पी० एल० ए१ हा याच इतिहासाचा संक्षेप आहे. पी म्हणजे दिवस भरत आलेली बाळंतपणं, एल म्हणजे आज हयात असलेली मुलं, ए म्हणजे पडलेले गर्भ. काही कागदांवर आधी जी लिहितात, म्हणजे एकूण किती वेळा दिवस गेले. एमएल दिसलं तर ती लग्नाची वर्षं, एलएमपी म्हणजे शेवटच्या पाळीचा पहिला दिवस. या ‘ए१’ मध्ये दोष लिहिलेला नाही. ओळखता आलेल्या दर शंभर गर्भधारणांपैकी दहा ते वीस पडतात, आणि सुरुवातीला पडणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त वेळा कारण गर्भाच्या गुणसूत्रांतली चूक असतं. गाडीवर बसल्याने, पपई खाल्ल्याने, जिना चढल्याने ते होत नाही. एकदा असं झालं म्हणून पुढच्या वेळी होईलच, असंही हा शब्द सांगत नाही.

‘सेकंडरी’ हा शब्द तर तुमच्या बाजूचा आहे. एकदाही दिवस गेले नसतील तर प्रायमरी, पूर्वी कधी गेले असतील, मग मूल झालेलं असो वा नसो, तर सेकंडरी. याचा अर्थ बीज, शुक्राणू, नळी आणि पिशवी यांची गाठ एकदा तरी पडलेली आहे. ‘इन्फर्टिलिटी’ची व्याख्याही ऐकून ठेवा. गर्भनिरोधक न वापरता बारा महिने नियमित संबंध ठेवूनही दिवस गेले नाहीत, एवढाच तिचा अर्थ. स्त्रीचं वय पस्तिशीच्या पुढे असेल तर आम्ही सहा महिन्यांतच तपासण्या सुरू करतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार जगात सुमारे सहापैकी एका व्यक्तीला आयुष्यात कधी ना कधी हे भोगावं लागतं. मूल होणारच नाही, असं ही व्याख्या कुठेही म्हणत नाही. आपल्या गावातला ‘वांझ’ हा शब्द ते म्हणतो, म्हणून तो माझ्या दवाखान्यात मी कुणालाही उच्चारू देत नाही.

आता एएमएच. तुम्ही लिहिलंय की जाऊबाईंचं ८.६ आलं आणि तुमचं १.४, म्हणून त्यांचं ‘चांगलं’ आणि तुमचं ‘फेल’. हे गुण नाहीत, ताई. अंडाशयात अगदी लहान बीजकोश असतात, प्रत्येकात एकेक बीज. त्या कोशांच्या भिंतीतून हे संप्रेरक रक्तात झिरपतं. कोश जास्त असतील तर आकडा जास्त, कमी असतील तर कमी. म्हणजे आकडा साठ्याचा अंदाज देतो, बीजाच्या प्रतीबद्दल काही सांगत नाही. प्रत ठरते मुख्यतः वयावर. एकतिसाव्या वर्षी १.४ असलेल्या स्त्रीची बीजं एक्केचाळिसाव्या वर्षी ३ असलेल्या स्त्रीपेक्षा सरासरीने चांगल्या प्रतीची असतात. शिवाय महिन्याला एकच बीज बाहेर पडतं, त्यामुळे नैसर्गिकरीत्या लवकर दिवस जातील का, याचा अंदाज या आकड्यावरून नीट बांधता येत नाही. तो उपयोगी पडतो दोन ठिकाणी. आयव्हीएफची इंजेक्शनं दिली तर साधारण किती बीजं मिळतील हे सांगायला, आणि आणखी किती वर्षं थांबावं याचा विचार करायला. तुमच्या वयाच्या मानाने १.४ थोडं कमी आहे. म्हणून पुढची दोन-तीन वर्षं नुसती वाट बघण्यात घालवू नका, एवढं मी नक्की सांगेन. रिपोर्टवरचं एककही बघत जा. काही लॅब पिकोमोल प्रति लिटरमध्ये लिहितात, तिथे तेच १.४ दहा होतं, कारण साधारण ७.१ ने गुणावं लागतं. एका बाईंनी दोन लॅबचे असे दोन रिपोर्ट बघून ‘आयुर्वेदिक काढ्याने एएमएच सातपट वाढलं’ असं मला आनंदाने सांगितलं होतं. त्यांचा तो आनंद मोडताना मलाच वाईट वाटलं.

जाऊबाईंच्या ८.६ बद्दल. त्यांना पीसीओडी (यालाच पीसीओएसही म्हणतात) आहे ना? मग तो आकडा त्याच आजाराचा भाग आहे. पीसीओ म्हणजे पॉलिसिस्टिक ओव्हरी, आणि यातला ‘सिस्ट’ हा शब्द मोठी दिशाभूल करतो. त्या गाठी नाहीत, त्या अर्धवट वाढून थांबलेले बीजकोश आहेत. त्या ‘काढून टाकायच्या’ नसतात. निदानासाठी तीनपैकी दोन गोष्टी लागतात. पाळी लांबणं, पुरुषी संप्रेरकं वाढल्याची लक्षणं किंवा तसा रक्ताचा रिपोर्ट, आणि सोनोग्राफीत पुष्कळ कोश. हे निकष २००३ साली रॉटरडॅमच्या बैठकीत ठरले. २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढ स्त्रीमध्ये सोनोग्राफीऐवजी एएमएचही चालतं. म्हणजे सोनोग्राफीवाल्यांनी ‘पीसीओ पॅटर्न’ लिहिलं आणि पाळी महिन्याच्या महिन्याला येते, तर तेवढ्यावर आजार ठरत नाही. जाऊबाईंकडे साठा भरपूर आहे, पण बीज दर महिन्याला बाहेर पडत नाही. तुमच्याकडे साठा बेताचा, पण पाळी नियमित, म्हणजे बीज सुटतं आहे. दोघींची अडचण वेगळी. तुलना करू नका आणि घरात कुणाला करूही देऊ नका.

त्यांना लेट्रोझोल दिलं असेल आणि मोबाईलवर ‘कॅन्सरची गोळी’ असं दिसून त्या घाबरल्या असतील, तर हेही सांगा. ती गोळी मुळात स्तनाच्या कर्करोगासाठी आली हे खरं. मूल होण्याच्या उपचारांत तिच्या वापरावर आपल्या सरकारने २०११ मध्ये बंदीही घातली होती, आणि २०१७ मध्ये ती उठवली. पाच दिवस घेतलेली ही गोळी इस्ट्रोजेन तात्पुरतं कमी करते, मेंदू ते बघून एफएसएच हे बीजकोश वाढवणारं संप्रेरक वाढवतो, आणि बीजकोश वाढू लागतो. पीसीओएसमध्ये जुन्या क्लोमिफेनपेक्षा तिने जास्त बाळं जन्मतात हे २०१४ च्या मोठ्या अमेरिकन चाचणीत दिसलं.

एफएसएच, एलएच, प्रोलॅक्टिन, टीएसएच या रक्ताच्या तपासण्यांवर फार वेळ घालवत नाही, तुमच्या सगळ्या ठीक आहेत. फक्त ‘पाळीच्या दुसऱ्या दिवशी या’ म्हणजे कोणता दिवस, यावरून खूप गोंधळ होतो. डाग दिसले तो दिवस धरायचा नाही. नीट अंगावरून जायला लागलं तो पहिला दिवस.

रिट्रोव्हर्टेड युटेरस म्हणजे पिशवी पुढे न झुकता पाठीकडे झुकलेली. साधारण पाचातल्या एका बाईची अशी असते, काहींचे केस कुरळे असतात तसंच. त्यामुळे मूल राहत नाही असं नाही, आणि संबंधांनंतर कमरेखाली उशी ठेवून पडून राहण्याचीही गरज नाही. सोनोग्राफीच्या कागदावर अशी बरीच निरुपद्रवी वर्णनं असतात. नॅबोथियन सिस्ट हे पिशवीच्या तोंडावरचे साधे फोड. ‘मिनिमल फ्री फ्लुइड’ म्हणजे बीजकोश फुटल्यावर थोडं पाणी सुटलं, जे चांगलंच. ‘कॉर्पस ल्युटियम’ ही बीज सुटून गेल्यावर उरलेल्या कोशाची गाठ, तीच पुढचे दोन आठवडे गर्भाला सांभाळणारं प्रोजेस्टेरॉन बनवते. हे शब्द वाचून कुणी ऑपरेशन सुचवलं तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. ‘एंडोमेट्रिओमा’ किंवा ‘चॉकलेट सिस्ट’ (अंडाशयातली जुन्या रक्ताने भरलेली गाठ) लिहिलं असतं तर मात्र मी थांबून बोलले असते, कारण तो खरा आजार आहे आणि त्यावर घाईने केलेलं ऑपरेशन बीजांचा साठाही कमी करू शकतं.

एचएसजीवर थांबायला हवं, कारण तुमचं रडू तिथेच फुटलं असं तुम्ही लिहिलंय. पाळी थांबल्यावर पिशवीच्या तोंडातून रंगद्रव्य आत सोडतात आणि एक्स-रे काढतात. रंग नळीतून वाहत पोटात सांडला तर नळी उघडी. तुमच्या उजवीकडे सांडला, डावीकडे नळीच्या अगदी मुळाशी अडला. मुळाशी अडणं म्हणजे कॉर्न्युअल ब्लॉक. पण नळी स्नायूंची असते, आणि दुखलं किंवा रंग जोराने सोडला की तिचं मूळ आवळलं जातं. त्या क्षणी एक्स-रे काढला तर चित्रात ती बंद दिसते. म्हणून एका बाजूचा कॉर्न्युअल ब्लॉक खराच आहे का, हे या तपासणीवरून खात्रीने ठरत नाही. पुढे कधी दुर्बिणीतून बघायची वेळ आली तर तेव्हा कळेल. तुमची उजवी नळी उघडी आहे आणि आययूआयसाठी एक उघडी नळी पुरते. डाव्या अंडाशयातलं बीज उजव्या नळीने उचललं, असंही घडतं.

याउलट ‘हायड्रोसालपिंक्स’ हा शब्द कुणाच्या रिपोर्टवर दिसला तर तो हलक्यात घेऊ नये. नळीचं टोक बंद होऊन आत पाणी साठलेलं असतं, ते पाणी पिशवीत उतरत राहतं आणि आयव्हीएफचंही यश कमी करतं. अशी नळी आधी काढून टाकायची किंवा मुळाशी बंद करायची असते. आपल्या देशात नळ्या खराब होण्यामागे क्षयरोग हे मोठं कारण आहे. खोकला, ताप काहीही नसताना तो नळ्यांत आणि पिशवीत बसलेला असू शकतो. त्याचवेळी पिशवीच्या अस्तराची नुसती टीबी-पीसीआर (क्षयाच्या जंतूंचा अंश शोधणारी तपासणी) पॉझिटिव्ह आली, बाकी कुठेच काही नाही, आणि लगेच सहा महिन्यांची औषधं सुरू केली, असंही मी पुष्कळ बघते. तेवढ्या एका तपासणीवर क्षय ठरवू नये असं माझं ठाम मत आहे.

आता यजमानांचा रिपोर्ट. आधी एक शब्द मोकळा करते. आपल्याकडे शुक्राणूंना ‘जंतू’ म्हणतात. ‘जंतू कमी आहेत’ असं ऐकून एका शेतकरी भाऊंनी मला विचारलं होतं, ‘मग चांगलंच की डॉक्टर, इन्फेक्शन उतरलं ना?’ तेव्हापासून मी शुक्राणू किंवा सरळ ‘बी’ म्हणते. ऑलिगो म्हणजे संख्या कमी, अस्थेनो म्हणजे हालचाल कमी, टेराटो म्हणजे नेहमीच्या आकाराचे कमी. तिन्ही जोडून तो लांबलचक शब्द होतो. काही जण नुसतं ओएटी लिहितात. अझूस्पर्मिया म्हणजे वीर्यात एकही शुक्राणू न दिसणं, ती वेगळी गोष्ट. तिथेही वाट अडलेली आहे की तयारच होत नाहीत हे बघावं लागतं, आणि कित्येकांत अंडकोषातून सुईने किंवा सूक्ष्मदर्शकाखालच्या छोट्या ऑपरेशनने शुक्राणू मिळतात.

आकड्यांकडे बघू. २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेने ठरवलेल्या खालच्या मर्यादा अशा: वीर्य १.४ मिली, दर मिलीत १.६ कोटी शुक्राणू, पुढे सरकणारे ३०%, नेहमीच्या आकाराचे ४%. रिपोर्टमध्ये ‘मिलियन’ लिहितात, म्हणजे दहा लाख. या मर्यादा काढल्या कशा हे कळलं की भीती निम्मी होते. ज्यांच्या पत्नींना वर्षभराच्या आत दिवस गेले अशा पुरुषांची वीर्यतपासणी केली. त्यांच्यातला सगळ्यात खालच्या ५% जणांचा आकडा म्हणजे ही मर्यादा. म्हणजे मर्यादेखाली असूनही बाप झालेल्यांवरूनच ती ठरलेली आहे. तुमच्या यजमानांचं वीर्य अडीच मिली, दर मिलीत १ कोटी १० लाख, पुढे सरकणारे २४%. गुणाकार करा: पुढे पोहू शकणारे एकूण ६६ लाख. मी रिपोर्टमध्ये आधी हाच आकडा काढते, कारण आययूआय करावं की नाही ते बरंचसं त्यावर ठरतं. ६६ लाखांवर आययूआयचा प्रयत्न करणं रास्त आहे. आणि ‘९७% ॲबनॉर्मल’ वाचून त्यांना वाटलं असेल की मूल व्यंग असलेलं होईल. तसं अजिबात नाही. सूक्ष्मदर्शकाखाली आकाराची फूटपट्टीच इतकी कडक आहे की पूर्ण निरोगी माणसाचेही नव्वदच्या वर टक्के त्यात नापास होतात.

एका रिपोर्टवर शिक्का मारू नका. शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात, त्यामुळे आजचा नमुना हा अडीच महिन्यांपूर्वीच्या तब्येतीचा फोटो असतो. त्या काळात डेंग्यू, टायफॉइड, मोठा ताप आला होता का? नमुना देण्याआधी दोन ते सात दिवसांचं अंतर होतं का? दिवसभर भट्टीजवळ काम? तंबाखू, गुटखा? आणि हल्ली गावोगावच्या जिममधून मिळणारी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं? दंड फुगतात, पण बाहेरून संप्रेरक मिळालं की अंडकोष काम थांबवतात आणि संख्या शून्यावर येते. माझ्याकडे पंचविशीतली अशी मुलं येतात आणि त्यांना हे कुणीच सांगितलेलं नसतं. यजमानांची तपासणी तीन महिन्यांनी पुन्हा करून घ्या. आणि हा रिपोर्ट घरात सगळ्यांसमोर वाचायचा विषय नाही. तुमचं दुःख तुम्ही बोलून दाखवता. पुरुष बहुधा गप्प राहतात, याचा अर्थ त्यांना लागत नाही असा नाही.

आययूआय म्हणजे वीर्य ‘धुऊन’ त्यातले चपळ शुक्राणू बारीक नळीने थेट पिशवीत सोडणं. बीज सुटायच्या वेळेशी ते जुळवायचं, म्हणून आधी दर एक-दोन दिवसांआड सोनोग्राफी, ती फॉलिक्युलर स्टडी. कागदावर १४, १६, १८ असे वाढते आकडे दिसतात ते बीजकोशाचे मिलिमीटर. दिवसाला साधारण दोन मिलिमीटर वाढ, अठरा-वीसच्या पुढे गेला की ‘ट्रिगर’ इंजेक्शन, आणि दीडेक दिवसात कोश फुटतो. ईटी ८ म्हणजे पिशवीचं अस्तर आठ मिलिमीटर. आपण म्हणतो ‘अंडं वीसचं झालं’, पण वीस मिलिमीटर असतो तो पाण्याने भरलेला कोश. त्यातलं बीज मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढं असतं, ते सोनोग्राफीत दिसतच नाही.

हा फरक आयव्हीएफच्या वेळी फार महत्त्वाचा होतो, कारण तिथे दर पायरीला आकडा घटतो आणि कुणी आधी सांगितलं नसेल तर प्रत्येक घट अपयशासारखी वाटते. उदाहरणच द्यायचं तर सोनोग्राफीत बारा कोश दिसले. बेशुद्ध करून सुईने बीजं काढली, याला पिक-अप म्हणतात, तर नऊ बीजं मिळाली. त्यातली पक्की, म्हणजे एमटू, सात. शुक्राणूंशी मीलन होऊन फळली पाच. पाचव्या दिवशी ब्लास्टोसिस्ट झाले दोन. कुणाचं काहीही चुकलेलं नसताना साधारण असंच होतं. तुमच्या एएमएचवर सुरुवातीचा आकडा बाराहून कमी असण्याची तयारी ठेवा. ‘४एए’, ‘३बीबी’ ही ब्लास्टोसिस्टची प्रत: आकडा किती फुगलाय ते सांगतो, पहिलं अक्षर ज्यातून बाळ होणार त्या पेशींचं, दुसरं ज्यातून वार होणार त्यांचं. बीबीतूनही छान बाळं जन्मतात, आणि एए असूनही गुणसूत्रं चुकलेली असू शकतात. इक्सी म्हणजे एकच शुक्राणू सुईने बीजात सोडणं. १९९२ पासूनचं हे तंत्र कमी संख्येसाठी मोठा आधार आहे. एफईटी म्हणजे गोठवून ठेवलेला गर्भ पुढच्या एखाद्या महिन्यात सोडणं.

‘आयव्हीएफ केलं की अंडी संपतात आणि पाळी लवकर जाते’ हे तुम्हीही ऐकलं असेल. मुलगी जन्मते तेव्हा तिच्या अंडाशयात दहा ते वीस लाख बीजं असतात, वयात येईपर्यंत तीन-चार लाख उरतात, आणि आयुष्यभरात बाहेर पडतात चारपाचशे. बाकीची दर महिन्याला आपोआप जिरून जातात. एका महिन्यात अनेक कोश निघतात, एक पुढे जातो, बाकीचे सुकतात. इंजेक्शनं त्या सुकणाऱ्यांना जगवतात, पुढच्या वर्षांच्या साठ्यातून काही उचलत नाहीत.

‘टेस्ट ट्यूब बेबी’ या शब्दाने तुमच्या आईंना वाटतंय तसं बाळ नळीत वाढत नाही. मीलन बशीसारख्या चपट्या भांड्यात होतं, गर्भ तीन ते पाच दिवसांत पिशवीत जातो आणि नऊ महिने आईच्याच पोटात राहतो. जगातलं पहिलं असं बाळ २५ जुलै १९७८ ला इंग्लंडमध्ये जन्मलं आणि त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नाने दुर्गा जन्मली. त्यांच्यावर त्या वेळी कुणी विश्वास ठेवला नाही. १९८१ मध्ये त्यांनी जीवन संपवलं आणि मान मिळाला तो कित्येक वर्षांनी. आपल्या मुंबईत केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून ६ ऑगस्ट १९८६ ला हर्षा जन्मली. पालिकेच्या रुग्णालयात, सामान्य घरातली मुलगी. घरच्यांना हे सांगा, गोष्ट चाळीस वर्षं जुनी आहे.

ओएचएसएस हा शब्द मात्र पाठ करा. इंजेक्शनांनी अंडाशय फार फुगले आणि पोटात पाणी साठलं तर हे होतं, विशेषतः पीसीओएस असलेल्यांत. पोट टम्म होणं, एक-दोन दिवसांत वजन भराभर वाढणं, लघवी कमी होणं, दम लागणं यातलं काही दिसलं तर सकाळची वाट न बघता दवाखान्यात जा. हल्ली ट्रिगर बदलून आणि सगळे गर्भ गोठवून हा धोका पुष्कळ कमी करता येतो.

यशाच्या टक्केवारीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण माझ्या मते पैशाचा सगळा प्रश्न याच शब्दात आहे. ‘आमचा सक्सेस रेट इतका’ असं कुणी म्हटलं की दोन गोष्टी विचारा. यश म्हणजे काय धरलंत, आणि किती जणींपैकी? रक्तात बीटा-एचसीजी, म्हणजे गर्भ रुजल्यावर तयार होणारं संप्रेरक, वाढलं हे एक यश. नुसतं वाढून उतरलं तर ती बायोकेमिकल प्रेग्नन्सी. सोनोग्राफीत पिशवी आणि ठोके दिसले तर क्लिनिकल. आणि जिवंत बाळ घरी आलं ते लाइव्ह बर्थ. तुम्हाला हवं आहे ते शेवटचं. तसंच भागाकार कशाने केला? गर्भ सोडलेल्यांपैकी टक्केवारी काढली तर इंजेक्शनं घेऊन बीजच न मिळालेल्या आणि गर्भच न झालेल्या बायका हिशेबातून गळतात आणि आकडा फुगतो. उपचार सुरू केलेल्या, तुमच्या वयोगटातल्या शंभर जणींपैकी किती जणी बाळ घेऊन घरी गेल्या, असा सरळ प्रश्न टाका. खरं काम करणारे डॉक्टर या प्रश्नाने चिडत नाहीत. २०२१ च्या एआरटी (सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान) कायद्याने केंद्रांची नोंदणी बंधनकारक आहे: आययूआयसाठी लेव्हल वन, आयव्हीएफसाठी लेव्हल टू. नोंदणी विचारायला संकोच करू नका. वर ईआरए, पीआरपी, अमुक ग्लू असे जोडखर्च सुचवले, तर माझ्यासारख्या स्त्रीला यामुळे बाळ घरी येण्याची शक्यता वाढते असा पुरावा आहे का, हे विचारा. बहुतेकांचं उत्तर अजून तरी कच्चं आहे. पीजीटी ही गर्भाच्या गुणसूत्रांची तपासणी आहे. तिचा वापर करून मुलगा-मुलगी निवडणं गुन्हा आहे. देशाचा कायदा १९९४ चा, आणि त्याच्याही आधी, १९८८ मध्ये, तो आपल्या महाराष्ट्राने केला होता.

शेवटी बीटा. आययूआयनंतर दोन आठवड्यांच्या आत घरच्या पट्टीवर तपासू नका, कारण ट्रिगरचं इंजेक्शन बहुतेकदा त्याच एचसीजीचं असतं आणि पट्टी खोटी पॉझिटिव्ह येते. रक्तातला एकटा आकडाही फारसं सांगत नाही, दोन दिवसांनी तो किती वाढला ते महत्त्वाचं. पॉझिटिव्ह आल्यावर डॉक्टर ‘साडेचार आठवडे झाले’ म्हणतील आणि घरात कुणीतरी बोटं मोजेल, कारण आययूआय तर अडीच आठवड्यांपूर्वी झालं. गर्भाचे आठवडे शेवटच्या पाळीपासून धरतात, दिवस जायच्या आधीचे दोन आठवडे त्यात आलेच. मागच्या खेपेचे तुमचे आठ आठवडेही असेच मोजलेले होते. आणि आकडा कितीही चांगला असला तरी सहाव्या-सातव्या आठवड्यातली सोनोग्राफी चुकवू नका, गर्भ नळीत नसून पिशवीतच आहे याची खात्री तिथेच होते.

पुढच्या भेटीला जाताना यजमानांना सोबत न्या, आणि एचएसजीचे मूळ फोटो न्या, नुसता टाइप केलेला कागद नको. तुमच्या वयाला आणि या रिपोर्टना मी तीन, फार तर चार आययूआय करून बघितले असते आणि तोवर सहा-आठ महिन्यांपेक्षा जास्त वेळ जाऊ दिला नसता. फॉलिक ॲसिडची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी आजपासूनच रोज घ्या, दिवस जायची वाट बघू नका. आणि रुबेलाची तपासणी तुमच्या यादीत दिसली नाही, ती करून घ्या. लस घ्यावी लागली तर त्यानंतर महिनाभर थांबावं लागतं, यजमानांच्या दुसऱ्या रिपोर्टला तसाही वेळ आहे.